तोंडातील दुर्मीळ गाठींचे निदान: एका दंत महाविद्यालयाच्या बायोप्सी सेवेचे परीक्षण

गाठीचा किंवा चट्ट्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून देणाऱ्या प्रयोगशाळा आता जिल्ह्याच्या गावीच काय, मोठ्या तालुक्यांच्या गावीही आहेत, आणि नेहमीच्या रुग्णांसाठी त्यांपैकी बहुतेकांचे काम पुरेसे असते. वर्षानुवर्षे तंबाखू-चुना गालफडात धरणाऱ्या माणसाच्या गालात कडा कडक झालेला, हात लावताच रक्त येणारा व्रण असेल, तर त्याच्या तुकड्यात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा दिसणार याचा अंदाज दंतवैद्यालाही असतो. तोंडाच्या कर्करोगांपैकी ९० टक्क्यांहून अधिक याच प्रकारचे असतात. अडचण येते ती उरलेल्या गाठींपाशी, म्हणजे ओठाच्या आत वाटाण्याएवढी सरकणारी गाठ, टाळूवरचा न दुखणारा उंचवटा, जिभेच्या पृष्ठभागाखालचा कडक गोळा यांच्यापाशी. या गाठी दुर्मीळ आहेत, एकमेकींसारख्या दिसतात, आणि त्यांच्या नावांत थोडासा फरक पडला की उपचारांत मोठा फरक पडतो. प्रयोगशाळेची खरी परीक्षा अशा गाठींवर होते, म्हणून हे परीक्षण त्यांच्यापुरतेच ठेवले आहे.

मी तालुक्याच्या गावी दंतवैद्यकीय व्यवसाय करतो. माझ्या दवाखान्यातील बायोप्सी गेली अनेक वर्षे पश्चिम महाराष्ट्रातील एका दंत महाविद्यालयाच्या ओरल पॅथॉलॉजी विभागाकडे, म्हणजे तोंडाच्या आजारांचे सूक्ष्मदर्शकाखाली निदान करणाऱ्या विभागाकडे, जातात. महाविद्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही मांडल्या आहेत आणि एका दवाखान्याच्या अनुभवावरून एखाद्या संस्थेवर शिक्का मारणे योग्य नव्हे. शिवाय मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर या शहरांत आणि त्याखेरीज अनेक जिल्ह्यांत दंत महाविद्यालये आहेत आणि प्रत्येक ठिकाणी हा विभाग असतोच. त्यामुळे येथे जे चांगले-वाईट लिहिले आहे, ते कोणत्याही विभागाला लावून पाहता येईल.

या सेवेतील मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तुकड्याबरोबर भरून पाठवायचा अर्ज. बहुतेक खासगी प्रयोगशाळांच्या अर्जावर रुग्णाचे नाव, वय आणि ‘नमुना कोठून घेतला’ एवढ्या तीन रकान्यांवर काम भागते, आणि आम्ही दंतवैद्यही तेथे ‘तोंड’ असा एक शब्द लिहून मोकळे होतो. या विभागाच्या अर्जावर ओठ, गाल, जीभ, टाळू आणि दोन्ही जबडे यांची रेखाचित्रे छापलेली आहेत व त्यांवर पेनाने खूण करावी लागते. गाठ केवढी आहे, किती काळापासून आहे, वाढण्याचा वेग बदलला का, बोटाने हलते का, वरचे आवरण शाबूत आहे की फाटले आहे, त्या भागाला बधिरपणा किंवा मुंग्या येतात का, संपूर्ण गाठ काढली की तिचा तुकडा, आणि तुम्हाला स्वतःला काय वाटते, असे प्रश्न त्यावर आहेत. क्ष-किरण चित्र असेल तर त्याची प्रत मागितली जाते. पहिल्यांदा हा अर्ज भरताना कंटाळा येतो, पण दुर्मीळ गाठींच्या बाबतीत यातला प्रत्येक रकाना निदानाचा भाग असतो.

जागेचेच पाहा. तोंडाच्या आवरणाखाली सहाशे ते एक हजार लहान लाळग्रंथी विखुरलेल्या असतात. हिरड्या आणि कडक टाळूचा अगदी पुढचा भाग सोडला, तर ओठांत, गालांत, टाळूच्या मागच्या भागात, जिभेखाली अशा त्या जवळपास सर्वत्र असतात, आणि प्रत्येकीतून गाठ निर्माण होऊ शकते. खालच्या ओठावरची मऊ, निळसर, कधी फुटून कमी होणारी आणि पुन्हा भरणारी गाठ बहुतेक वेळा म्यूकोसील असते, म्हणजे दाताखाली ओठ चावला गेल्याने लाळेची नलिका फुटून साचलेली लाळ. वरच्या ओठावर म्यूकोसील फार कमी आढळतो, त्यामुळे तेथे घट्ट, हलणारी गाठ असेल तर लाळग्रंथीच्या अर्बुदाचा, म्हणजे तिच्या पेशी वाढून झालेल्या गाठीचा, विचार आधी करावा लागतो आणि ते बहुधा साधे, न पसरणारे निघते. खालच्या ओठावर लाळग्रंथीचे अर्बुद क्वचित होते, पण झालेच तर ते कर्करोगाचे, त्यातही म्यूकोएपिडरमॉइड कार्सिनोमा असण्याची शक्यता वरच्या ओठापेक्षा बरीच जास्त असते. अर्जावर ‘ओठ’ एवढेच लिहिले तर पॅथॉलॉजिस्टच्या हातातला हा सगळा हिशेब निसटतो. या विभागात कोणता ओठ ते लिहिले नसेल, तर रिपोर्ट थांबवून दूरध्वनी येतो. सुरुवातीला ही अडवणूक वाटते, पण पुढे तिच्यावरच विश्वास बसतो.

येथे थोडे विषयांतर करून एक गोष्ट आमच्या व्यवसायातील मंडळींसाठी लिहितो. खालच्या ओठावरचा म्यूकोसील काढला की तो कचऱ्याच्या डब्यात टाकण्याची पद्धत सर्रास आहे, कारण रुग्णाला तपासणीचा खर्च नको असतो आणि डॉक्टरला खात्री असते. म्यूकोएपिडरमॉइड कार्सिनोमाचा कमी आक्रमक प्रकार पुष्कळदा द्रवाने भरलेल्या पोकळ्यांचाच बनलेला असतो आणि बाहेरून हुबेहूब म्यूकोसीलसारखा दिसतो. या विभागाचा साध्या तपासणीचा दर शहरातील खासगी प्रयोगशाळांपेक्षा कमी असल्यामुळे ‘काढले ते पाठवले’ हा नियम आमच्याकडे पाळता आला. माझ्या दृष्टीने सेवेच्या गुणांत हा दरही धरला पाहिजे.

वरच्या ओठाच्या गाठींचा एक नमुना या विभागाचे कौशल्य दाखवणारा म्हणून सांगतो. सत्तरीच्या घरातील एका आजींच्या वरच्या ओठात न दुखणारी, हळूहळू वाढलेली गाठ होती. ती संपूर्ण काढून दुसऱ्या एका प्रयोगशाळेत दिली गेली होती, आणि तेथून अॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमाची शंका लिहून आली. या कर्करोगाची ख्याती वाईट आहे. तो सावकाश वाढतो, मज्जातंतूंच्या कडेकडेने पसरतो, काढल्यावर अनेक वर्षांनी परत येतो आणि उशिरा का होईना फुफ्फुसांत पोचू शकतो. घरची माणसे साहजिकच हादरली. आजींनी मात्र एवढेच विचारले, “डॉक्टर, एवढ्याशा गाठीला एवढं मोठं नाव कसं काय?” प्रश्न रास्त होता. स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, मागवून दंत महाविद्यालयाकडे पाठवले, तेव्हा गाठ कॅनॅलिक्युलर अॅडेनोमा, म्हणजे लाळग्रंथीची साधी, न पसरणारी गाठ असल्याचे निदान आले.

त्या रिपोर्टमध्ये निदानाबरोबर त्याची कारणेही लिहिलेली होती. गाठीला स्वतःचे आवरण होते. स्तंभासारख्या पेशींच्या दोन रांगा जवळ येऊन पुन्हा दूर जात होत्या, त्यामुळे मण्यांच्या माळेसारखी रचना दिसत होती. मधला भाग विरळ होता आणि त्यात बारीक रक्तवाहिन्या होत्या. पेशींची केंद्रके सारखी होती व विभाजन दिसत नव्हते. काही ठिकाणी नळ्या आडव्या कापल्या गेल्याने चाळणीसारखा भास झाला होता, आणि चाळणीसारखी रचना हीच अॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमाची सर्वांत ओळखीची खूण असल्यामुळे घोटाळा झाला असावा, असेही त्यात सौम्य शब्दांत नमूद होते. खात्रीसाठी पी६३ या प्रथिनाची तपासणी केली गेली. अॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमात दोन जातींच्या पेशी असतात आणि त्यांतील बाहेरच्या पेशी पी६३ दाखवतात, तर कॅनॅलिक्युलर अॅडेनोमात तशा पेशी नसतात, आणि येथे ती तपासणी नकारात्मक आली. शेवटी एक व्यावहारिक सूचना होती की, या साध्या गाठी कधीकधी एकाच ओठात एकाहून अधिक जागी असतात, म्हणून पुढील भेटींत संपूर्ण वरचा ओठ बोटांनी चाचपून पाहावा. उतारवयातील स्त्री, वरचा ओठ, साधी आणि संथ गाठ हे सगळे कॅनॅलिक्युलर अॅडेनोमाचे ठरलेले चित्र आहे. पहिल्या प्रयोगशाळेला गाठीची जागा सांगितली गेली होती का, हे मला कळू शकले नाही.

दुसरा नमुना टाळूचा. त्यात विभागाने काय सांगितले यापेक्षा काय सांगण्याचे थांबवले हे महत्त्वाचे ठरले. पन्नाशीतील एका शेतकऱ्याच्या टाळूच्या मागच्या भागावर, मध्यरेषेच्या एका बाजूला, वरचे आवरण शाबूत असलेला टणक उंचवटा होता. मी त्याचा तुकडा घेऊन पाठवला. रिपोर्टमध्ये गाठीचे ठाम नाव आलेच नाही. लाळग्रंथीचे कमी आक्रमक दिसणारे अर्बुद आहे, पाठवलेल्या तुकड्यात गाठीची किनार आणि शेजारची निरोगी ऊती यांचा सांधा आलेला नाही, त्यामुळे प्लिओमॉर्फिक अॅडेनोमा (साधी गाठ) आणि पॉलिमॉर्फस अॅडेनोकार्सिनोमा (कर्करोग) यांच्यात निर्णय करता येत नाही, आणि कडेचा भाग घेऊन खोल तुकडा पाठवावा, असा मजकूर होता. रुग्णाच्या मुलाला हा रिपोर्ट अर्धवट वाटला. दुसऱ्या कोणी ठाम उत्तर दिले असते तर बरे झाले असते, असे तो म्हणालाही.

ठाम उत्तर देणे येथे चुकीचे ठरले असते. या दोन गाठींच्या पेशी कधीकधी एकसारख्याच शांत, फिकट केंद्रकांच्या असतात. फरक पडतो तो कडेला. प्लिओमॉर्फिक अॅडेनोमा शेजारच्या ऊतीला ढकलत वाढतो, तर पॉलिमॉर्फस अॅडेनोकार्सिनोमा शेजारी शिरतो, एकेका पेशीच्या ओळी करून पुढे सरकतो, आणि मज्जातंतूभोवती वर्तुळाकार गुंडाळला जातो. गाठीच्या पोटातून घेतलेल्या तुकड्यात यांतले काहीच दिसत नाही. तेव्हा किनार दिसत नसेल, तर कितीही मोठ्या तज्ज्ञाने प्रामाणिकपणे ‘माहीत नाही’ असेच लिहिले पाहिजे, आणि पुढे काय केल्याने कळेल तेही लिहिले पाहिजे. विभागप्रमुख मॅडमनी स्वतः दूरध्वनी करून कोणत्या बाजूने, किती खोल छेद घ्यावा ते समजावून सांगितले, आणि टाळूत बधिरपणा आहे का ते पुन्हा विचारायला लावले. रुग्णाला बधिरपणा नव्हता.

दुसऱ्या तुकड्यात गाठ शेजारी शिरताना आणि एका बारीक मज्जातंतूला वेढताना दिसली, म्हणजे ती कर्करोगाची ठरली. आता प्रश्न उरला पॉलिमॉर्फस अॅडेनोकार्सिनोमा की अॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा, कारण मज्जातंतूंचे वेड दोघांनाही असते. पहिल्यात बहुधा शस्त्रक्रिया पुरते; तो त्याच जागी परत येऊ शकतो, काहींच्या मानेतील गाठींत जातो, पण शरीरात दूर पसरणे विरळ. दुसऱ्यात शस्त्रक्रियेनंतर बहुधा रेडिएशन द्यावे लागते आणि फुफ्फुसांवर वर्षानुवर्षे नजर ठेवावी लागते. विभागाने पी६३ आणि पी४० या दोन प्रथिनांची जोडीने तपासणी केली. ही दोन प्रथिने इतकी जवळची आहेत की एरवी ती बरोबरच दिसतात किंवा बरोबरच नसतात. अॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमाच्या बाहेरच्या पेशींत दोन्ही दिसतात. पॉलिमॉर्फस अॅडेनोकार्सिनोमात मात्र पी६३ दिसते आणि पी४० दिसत नाही, ही विसंगतीच त्याची ओळख ठरते. आमच्या रुग्णाच्या गाठीत तसेच झाले. शिवाय सगळ्या पेशी एकाच जातीच्या, फिकट केंद्रकांच्या होत्या, तर अॅडेनॉइड सिस्टिकमध्ये केंद्रके गडद आणि कोनदार असतात. सीडी११७ या आणखी एका प्रथिनाच्या तपासणीचाही निकाल जोडला होता, पण ती दोन्ही गाठींत सकारात्मक येऊ शकते म्हणून निर्णय तिच्यावर टाकलेला नाही, हेही तेथेच लिहिले होते. ज्या तपासणीचे पैसे घेतले, तिचाच उपयोग मर्यादित होता असे लिहिणारी प्रयोगशाळा मी दुसरी पाहिलेली नाही.

रुग्णांच्या दृष्टीने एक खुलासा येथेच करणे योग्य होईल. जुन्या रिपोर्टमध्ये याच गाठीला ‘पॉलिमॉर्फस लो-ग्रेड अॅडेनोकार्सिनोमा’ किंवा ‘पीएलजीए’ असे म्हटलेले आढळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या वर्गीकरणात ‘लो-ग्रेड’ हे शब्द वगळले गेले. जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून आजार वाढला असे समजण्याचे कारण नाही.

मर्यादा कोठे आहे तेही सांगितले पाहिजे. लाळग्रंथींच्या अर्बुदांचे निदान गेल्या दोन दशकांत जनुकांकडे सरकले आहे. अॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमाच्या पुष्कळ गाठींत एमवायबी आणि एनएफआयबी ही जनुके जोडली गेलेली असतात, म्यूकोएपिडरमॉइडच्या बऱ्याच गाठींत सीआरटीसी१ आणि एमएएमएल२, आणि क्लिअर सेल कार्सिनोमाच्या हायलिनायझिंग प्रकारात ईडब्ल्यूएसआर१ आणि एटीएफ१. सिक्रीटरी कार्सिनोमा ही गाठ तर २०१० मध्ये ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ यांच्या जोडणीवरूनच वेगळी ओळखली गेली. त्याआधी तिची गणना बहुधा अॅसिनिक सेल कार्सिनोमा या लाळग्रंथीच्या दुसऱ्या कर्करोगात होत असे. हा केवळ अभ्यासकांचा कीस काढणे नव्हे, कारण एनटीआरकेच्या अशा जोडणीवर थेट काम करणारी औषधे आता उपलब्ध आहेत, आणि रोग पसरलेल्या रुग्णाला त्यांचा उपयोग होऊ शकतो. या दंत महाविद्यालयात अशा जनुकीय तपासण्या होत नाहीत. विभाग ते लपवत नाही आणि ब्लॉक पुढे कोठे पाठवावा हे सांगतो, पण ते पाठवण्याची सारी धावपळ रुग्णाच्या नातेवाइकांवर पडते.

काही वेळा दुर्मीळ गाठीचे निदान करणे म्हणजे कर्करोग नाही हे ओळखणे असते, आणि या बाबतीत ओरल पॅथॉलॉजी विभागाला सर्वसाधारण प्रयोगशाळेपेक्षा निश्चित वरचे स्थान द्यावे लागेल. जिभेवर होणारा ग्रॅन्युलर सेल ट्यूमर, ज्याचे वर्णन रशियन पॅथॉलॉजिस्ट अब्रिकोसॉफ यांनी १९२६ मध्ये केले, हा साधा असतो. पण त्याच्यावरचे आवरण पुष्कळदा इतके जाड होऊन खाली बोटे सोडल्यासारखे वाढते की वरवरचा तुकडा पाहणाऱ्याला तो थेट स्क्वॅमस सेल कार्सिनोमा वाटावा. खालच्या दाणेदार पेशी तुकड्यात आल्या आणि एस१०० या प्रथिनाची तपासणी केली की उलगडा होतो. टाळूवर अचानक खोल व्रण पडणारा नेक्रोटायझिंग सायलोमेटाप्लेझिया हा आजार १९७३ मध्ये प्रथम नोंदला गेला. लाळग्रंथीचा रक्तपुरवठा तुटल्याने तो होतो, कधी दात काढण्यासाठी दिलेल्या इंजेक्शननंतरही होतो, आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तो कर्करोगाचे सोंग इतके चांगले वठवतो की, केवळ चुकीच्या निदानामुळे टाळूवर मोठ्या शस्त्रक्रिया झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मरून गेलेल्या ग्रंथीच्या पाळ्यांची मूळ मांडणी शाबूत आहे का, हे पाहण्याची सवय असलेली नजरच तेथे कामाला येते. या विभागाने असे एक निदान आमच्या रुग्णाचे केले आणि ‘दोन आठवड्यांनी व्रणाचे छायाचित्र पाठवा’ एवढीच पुढची सूचना दिली.

आता तक्रारी. पहिली वेळेची. साध्या तपासणीचा रिपोर्ट आठवड्याच्या आत येतो, पण विशेष प्रथिनांची तपासणी लागली की पुढचा अंदाज कोणी देत नाही. विभागात पुरेसे नमुने जमेपर्यंत ती थांबवली जाते असे दिसते. संस्थेच्या दृष्टीने यात काटकसर असेल, पण ‘कर्करोग असू शकतो’ एवढेच ऐकून घरी बसलेल्या माणसाला ती काटकसर कोण समजावणार? परीक्षांच्या आणि सुट्ट्यांच्या काळात तर दूरध्वनीही उचलला जात नाही. दुसरी तक्रार पैशांची. मूळ दर कमी असला तरी प्रत्येक प्रथिनाचे पैसे वेगळे आहेत आणि ते एकदम सांगितले जात नाहीत; आधी दोन, मग आणखी एक असे करत रक्कम वाढत जाते आणि मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला प्रत्येक वेळी नव्याने तजवीज करावी लागते. जास्तीत जास्त किती खर्च येऊ शकेल, हे पहिल्याच दिवशी लिहून द्यायला काही हरकत नसावी.

तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त खटकते. रिपोर्ट उत्तम असतो, पण तो केवळ डॉक्टरसाठी लिहिलेला असतो. रुग्णासाठी दोन-तीन मराठी वाक्ये, म्हणजे गाठ साधी आहे की कर्करोगाची, आणखी तपासणी हवी का, कोणाला भेटायचे, एवढी तरी खाली असायला हवीत. ती नसल्यामुळे लोक रिपोर्टचा फोटो काढून भाच्याला, मग भाच्याच्या मित्राला पाठवतात आणि ‘कार्सिनोमा नाही’ अशा वाक्यातील पहिलाच शब्द धरून रडारड सुरू होते. सूक्ष्मदर्शकातील छायाचित्रे मागितल्याशिवाय मिळत नाहीत, हीही उणीव आहे. दुसऱ्या तज्ज्ञाला प्राथमिक अंदाज देण्यासाठी ती उपयोगी पडतात.

नमुना घेणे आणि पाठवणे यांतील दोष विभागाचे नसले तरी परिणाम त्याच्या रिपोर्टवर होतो. विभाग छापील सूचना देतो, त्या अशा: तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रवात), तुकड्याच्या किमान दहापट द्रवात, रुंद तोंडाच्या डबीत ठेवावा; सलाइन, स्पिरिट किंवा पाणी चालणार नाही; बधिर करण्याचे इंजेक्शन थेट गाठीत देऊ नये; चिमट्याने तुकडा चिरडू नये; आणि लेझर वा विद्युत-चाकूने लहान तुकडा काढू नये, कारण कडा जळतात आणि लाळग्रंथीच्या गाठीत पाहायच्या असतात त्या नेमक्या कडाच. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत तुकडा कोंबून पाठवण्याची जुनी सवय अजून अनेकांना आहे. तुकडा आत जातो, पण कडक झाल्यावर अखंड बाहेर निघत नाही. विभाग मागणी केल्यास फॉर्मलिन भरलेल्या डब्या पाठवतो, ही सोय चांगली आहे. मात्र कुरिअरवाले द्रवाचे पार्सल पाहून कुरकुर करतात आणि दुहेरी पिशवीत बांधून दिले तरच घेतात.

अवघड निदानाच्या वेळी आमच्या भागातून दुसरा अभिप्राय घ्यायला बहुधा परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे पाहिले जाते, आणि त्यामागे इतिहास आहे. हे रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या प्रयोगशाळेची धुरा पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत खानोलकर यांनी सांभाळली. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांच्या भारतातील संबंधावरील आरंभीच्या कामात त्यांचे नाव येते. आज देशभरातील कर्करोग केंद्रे २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने जोडली गेली आहेत, त्यामुळे प्रत्येक रुग्णाने मुंबई गाठायलाच हवी असे राहिलेले नाही. कोठेही गेले तरी दुसऱ्या अभिप्रायासाठी केवळ कागद पुरत नाही, मूळ स्लाइड आणि ब्लॉक लागतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमचा तुकडा. त्यातून नव्याने चार मायक्रॉन जाडीचे काप घेता येतात आणि पुढच्या सर्व तपासण्या त्यांवरच होतात. माझ्या अनुभवात हा विभाग ब्लॉक देताना टाळाटाळ करत नाही. साधा अर्ज, डॉक्टरचे पत्र आणि रुग्णाच्या ओळखपत्राची प्रत एवढ्यावर तो मिळतो, फक्त परत आणून देण्याची हमी लिहून घेतली जाते. खासगी ठिकाणी यासाठी खेटे घालावे लागल्याचे रुग्ण सांगतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया करायची असेल, तर बायोप्सीचा रिपोर्ट जोडावा लागतो, आणि येथे विभागाच्या प्रामाणिकपणाचाच रुग्णाला त्रास होऊ शकतो. ‘निर्णय करता येत नाही’ असा कागद जोडून मंजुरी मिळणे कठीण असते. टाळूच्या रुग्णाच्या वेळी विभागाने पहिला रिपोर्ट ‘तात्पुरता’ असे स्पष्ट लिहून दिला आणि अंतिम रिपोर्टवर पहिल्याचा क्रमांक नोंदवला, म्हणून रुग्णालयाच्या आरोग्यमित्रांना प्रकरण समजले. ही पद्धत सर्वांनीच ठेवावी अशी आहे.

गालातला नेहमीचा तंबाखूचा व्रण असेल आणि जवळची प्रयोगशाळा दोन दिवसांत रिपोर्ट देत असेल, तर या सेवेसाठी आठवडाभर थांबण्याचे कारण नाही. तेथे उशीर न करणे अधिक महत्त्वाचे. पण ओठात किंवा टाळूवर शाबूत आवरणाखाली गाठ असेल, तंबाखूचा इतिहास नसेल, रिपोर्टमधील नाव आणि गाठीचे वागणे जुळत नसेल, किंवा रिपोर्टमध्ये लाळग्रंथीच्या कर्करोगाचे कोणतेही नाव आले असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी स्लाइड आणि ब्लॉक अशा विभागाला दाखवावेत, असे माझे मत आहे. जबड्याच्या हाडातील गाठींसाठी मात्र थोडा जास्त वेळ धरावा. हाड मऊ करायला आम्लात ठेवावे लागते, आणि पुढे जनुकीय तपासणी लागण्याची शक्यता असेल तर तीव्र आम्लाऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरावे असे अर्जावर आधीच लिहून द्यावे लागते, कारण तीव्र आम्लाने डीएनए खराब होते. या विभागात ती सोय आहे, पण मागितली तरच मिळते. नमुने सोमवार ते शुक्रवार दुपारपर्यंत स्वीकारले जातात. शनिवारी पोचलेली डबी सोमवारीच उघडली जाते, तेव्हा बायोप्सी आठवड्याच्या सुरुवातीला करणे सोयीचे पडते.